शाळा सोडण्याचे कारण

आमच्या जिल्ह्याच्या गावी बसस्थानकाच्या मागल्या अंगाला एक बैठी दगडी इमारत आहे. दारावर ‘निरीक्षणगृह’ अशी ठळक पाटी आहे. पण रिक्षावाल्याला हा शब्द सांगितला तर तो आपल्या तोंडाकडे बघत राहतो. ‘रिमांड होम’ म्हटले की त्याला ताबडतोब समजते. कायद्याने जुनी नावे केव्हाच मोडीत काढली आहेत. ‘बालगुन्हेगार’ गेला आणि त्याच्या जागी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आला. मी मराठीचा शिक्षक, पण हा शब्द प्रथम समोर आला तेव्हा मलाही तो दोनदा वाचावा लागला होता. एकदा गंमत म्हणून वर्गातल्या एका मुलाला मी तो म्हणून दाखवायला सांगितले. तो ‘विधी’पाशीच अडला आणि भाबडेपणाने म्हणाला, “सर, विधी म्हंजे दहाव्याचा का?”

शब्द जड आहे खरा, पण त्यामागचा हेतू जड नाही. बाल न्यायाचा जो कायदा २०१५ साली झाला, त्याच्या तिसऱ्या कलमात काही तत्त्वे सांगितली आहेत. त्यांतले एक असे, की मुलांच्या बाबतीत आरोप ठेवणारे, दोषारोपाचे शब्द वापरू नयेत. कायद्याने शब्दांची एवढी काळजी घ्यावी, याचे माझ्यासारख्या शब्दांवर पोट भरणाऱ्याला फार अप्रूप वाटले. एक शब्द माणसाला किती वर्षे चिकटून बसतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते म्हणायचे!

गेली सहा वर्षे मी शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी तिथे शिकवायला जातो. शिक्षणाच्या नावाने माझ्याजवळ फारसे भांडवल नाही. मी दहावी झालो. आमचे वडील अभिमानाने ‘मॅट्रिक’ म्हणत. पुढे परिस्थितीने जमले नाही. एका खाजगी शाळेत खालच्या वर्गांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. चार छापल्या आहेत, त्यांतली एक खपली. आयुष्यात मला जो काही उंबरठा ओलांडता आला तो त्या दहावीच्या एका कागदाच्या जोरावर. म्हणून त्या कागदाची किंमत मला पदवीधरांपेक्षा जरा जास्त कळते, असे मला वाटते.

आता पुढे जे सांगणार आहे त्यात एकाही मुलाचे नाव येणार नाही, आणि काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत. कायद्याचे ७४ वे कलम अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करते. ते कलम नसते तरी मी नाव सांगितले नसते.

ह्या शिक्षणाला आपल्याकडे बराच मागला इतिहास आहे. १८५० साली कंपनी सरकारने कायदा केला, की दहा ते अठरा वर्षांच्या गुन्हेगार मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून बांधून द्यावे. तुरुंगापेक्षा हातोडा बरा, असा विचार. मग सुधारशाळा निघाल्या. मुंबईत माहीमला डेव्हिड ससून यांच्या नावाची जी औद्योगिक शाळा आहे ती ह्याच परंपरेतली. १९२४ साली मुंबई इलाख्याचा मुलांसाठी स्वतंत्र कायदा आला, आणि १९२७ साली ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ स्थापन झाली. मुंबईत डोंगरीला उमरखाडीचे जे मुलांचे गृह आहे, त्याची वास्तू तर मराठी माणसाने हात जोडावेत अशी आहे. तो पूर्वीचा डोंगरीचा तुरुंग. १८८२ साली टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यापायी तिथे १०१ दिवस होते, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. तेव्हा दोघेही न्यू इंग्लिश स्कूलमधले तरुण शिक्षक होते, हे आपण बहुधा विसरतो. त्या भिंतींच्या आत पहिल्यांदा मास्तर गेले आणि पुष्कळ वर्षांनी विद्यार्थी आले, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु कायदे झाले म्हणून मुले तुरुंगातून सुटली असे नाही. पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले तेव्हा, म्हणजे १९८६ सालीसुद्धा, देशात ठिकठिकाणी मुले मोठ्या कैद्यांच्या तुरुंगात होती. त्याच वर्षी साऱ्या देशासाठी एक कायदा झाला, मग २००० साली दुसरा, आणि २०१५ साली तिसरा. असो. कायद्याचा इतिहास सांगण्याचा अधिकार वकिलांचा. मी आपला वर्गात येतो.

वर्ग म्हणजे एक लांबट खोली. खिडक्यांना गज, खाली सतरंजी. साध्या शाळेत वर्गाला एक इयत्ता असते. इथे एकाच सतरंजीवर नववीत गणितात पहिला आलेला मुलगा असतो आणि त्याच्या मांडीला मांडी लावून, स्वतःचे नाव लिहिताना घाम फुटणारा सतरा वर्षांचा बाप्या असतो. गेल्या शनिवारी सतरा जण होते, ह्या शनिवारी नऊ. उरलेल्यांना जामीन झाला. मूल घरी गेले याचा आनंद मानायचा, की त्याचा जोडाक्षरांचा धडा अर्धा राहिला याची हळहळ करायची, हे सहा वर्षांत मला अजून ठरवता आलेले नाही. शाळेत मुले गळू नयेत म्हणून मास्तर धडपडतो. इथे प्रत्येक मूल गळावे अशीच इच्छा धरून खडू हातात घ्यावा लागतो.

शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला, तो सहा ते चौदा वर्षांपर्यंतचा. इथे येणारी बहुतेक मुले चौदाच्या पुढची. म्हणजे हक्क संपला की ती आमच्याकडे येतात!

सुरुवातीला मी शाळेतलेच निबंध तिथे नेले. ‘माझी अविस्मरणीय सहल’ म्हटल्यावर सगळे गप्प. ‘दिवाळीची सुट्टी’ म्हटल्यावर एकाने वहीच मिटली. तेव्हा मी वस्तूंच्या मनोगताकडे वळलो. एका रविवारी विषय दिला, ‘कुलपाचे मनोगत’. विषय देऊन झाल्यावर जीभ चावली, पण मुले खाली माना घालून लिहू लागली होती. एका पोराने चारच ओळी लिहिल्या. त्यांचा सारांश असा, की मी कुलूप आहे, लोक मला ओढून बघतात आणि निश्चिंत होऊन गावाला जातात. पण मला कोणी हात लावत नाही, बिचाऱ्या कोयंड्यावर सगळे येते. मी त्याला विचारले, “म्हणजे काय रे?” तर अडाण्याला समजवावे तसे तो म्हणाला, “सर, कुलूप कोण तोडतंय? कोयंडा उचकटत्यात.” वर्तमानपत्रात ‘कडीकोयंडा तोडून’ हे शब्द मी जन्मभर वाचत आलो होतो, त्यांचा अर्थ मला त्या दिवशी कळला. त्याला मी दहापैकी आठ गुण दिले. दोन शुद्धलेखनाचे कापले.

गणितात तर त्याहून पंचाईत. नफा-तोटा शिकवताना मी म्हटले, पंधरा हजारांचा मोबाइल दीड हजाराला विकला, तर तोटा किती? वर्गात खसखस पिकली. मागून आवाज आला, “तोटा कसला सर? खरेदी शून्य!” उत्तर बरोबर होते. शेकडा नफा काढा म्हणावे तर शून्याने भागता येत नाही. मी फळा पुसला आणि भाजीवाल्याचे उदाहरण घेतले.

एकदा ‘श्यामची आई’ वाचायला घेतले. हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, एवढे सांगितल्यावर मुलांच्या डोळ्यांत गुरुजींविषयी एकदम आपुलकी दिसू लागली. त्यात ‘मोठा होण्यासाठी चोरी’ नावाचे प्रकरण आहे. पुस्तकाच्या लोभाने श्याम चोरी करतो, आणि आईला ते कळते. मी वाचीत होतो. संपल्यावर नेहमीचा प्रश्न विचारणार, की ह्यातून काय बोध घ्याल, तेवढ्यात खिडकीजवळचा एक मुलगा हळूच म्हणाला, “म्हंजे सर, घरातच मिटलं.”

मी पुढचा प्रश्न विचारला नाही. घरी जाताना मात्र ते वाक्य डोक्यात घोळत राहिले. लहानपणी आंबा, पेन्सिल, देवापुढचे सुटे पैसे, कशाला ना कशाला हात न लावलेला मनुष्य मला दाखवा. कोणाला आई पकडते, कोणाला दुकानदार, कोणाला पोलीस. आईने पकडलेल्याचे संस्कार-प्रकरण होते आणि पोलिसाने पकडलेल्याचे कागद होतात.

हे सगळे मोठ्या मानभावीपणाने लिहिताना आमच्या शेजारच्या काकूंची आठवण होते. तीन वर्षांपूर्वी संकष्टीला देवळातून येताना मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांची पोत ओढली. मानेला ओरखडा आला, चार दिवस त्या बोलल्या नाहीत. यजमानांच्या मागे तेवढीच एक वस्तू अंगावर होती. मी तिथे शिकवायला जातो हे त्यांना ठाऊक आहे. एकदा चकल्यांची भाजणी दळून आणताना त्या म्हणाल्या, “शिकवा हो, पुण्याचं काम आहे. पण माझ्याकडे फराळाला म्हणून कुणाला आणू नका.” मला त्यांच्यात काही चुकीचे दिसत नाही. दया करायला जो मोकळा असतो त्याची पोत गेलेली नसते.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीला जे भयंकर घडले, त्यातल्या सहा जणांपैकी एक अठरा वर्षांना काही महिने कमी होता. कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे मिळाली. देश संतापला, आणि तो संताप खोटा नव्हता. २०१५ चा कायदा त्या संतापाचे अपत्य आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, तो करणाऱ्या सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाचा खटला, मंडळाने त्याची समज पारखून तसे ठरवले तर, मोठ्या माणसांसारखा चालू शकतो. त्यावर मोठमोठे लोक वाद घालतात. मी एवढेच बघतो, की माझ्या सतरंजीवर तसे मूल क्वचितच येऊन बसते. येतात ते मोबाइल, मोटारसायकल, मारामारी, भंगार असले काहीबाही घेऊन; पण गावात दोघांनाही ‘रिमांड होमचा’ हे एकच विशेषण मिळते.

आता त्या एकाविषयी सांगतो, ज्याच्यासाठी खरे म्हणजे हा लेख लिहायला बसलो.

तो आला दोन-तीन वर्षांपूर्वी, ऐन धनत्रयोदशीच्या सुमारास. पंधरा-सोळा वर्षांचा, उन्हाने करपलेला, हाताला घट्टे. दोन मोठ्या माणसांबरोबर ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चोरताना सापडला होता. ती माणसे तुरुंगात गेली, हा आमच्याकडे आला. अशा प्रकरणात मुलाला जामीन द्यावा असाच कायद्याचा कल आहे. मंडळाने तयारीही दाखवली. पण घ्यायला कोणी येईना. आईबाप ऊसतोडीचे मजूर. आपल्याकडे लक्ष्मीपूजन झाले की पाहुणे येऊ लागतात. त्यांच्याकडे लक्ष्मीपूजन झाले की ट्रक येतो. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता मोजतात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, कोयत्याला फडातून हलता येत नाही. बाप फोनवर म्हणाला, “साहेब, आलो तर उचल कोण फेडंल?” अधीक्षकांनी निरोपावर निरोप धाडले. पोरगे आमच्याकडेच राहिले.

त्याची शाळाही तशीच झाली होती. पहिलीपासून दर वर्षी जूनमध्ये नाव घालायचे, चाचणी परीक्षा द्यायची, आणि दिवाळीची सुट्टी लागली की आईबापांबरोबर निघून जायचे. मागे ठेवायला आजी नव्हती, आणि मुलांसाठी हंगामी वसतिगृहे असतात हे त्याच्या बापाला कोणी सांगितले नव्हते. आठवीपर्यंत पोचला, पण प्रत्येक पुस्तकाचा पुढचा अर्धाच भाग त्याला माहीत. इतिहासात शिवाजीमहाराजांचा जन्म त्याला पाठ होता, राज्याभिषेक नव्हता. तो दिवाळीनंतर येत असे!

हे मला कळले तेव्हा मी त्याला सगळ्या पुस्तकांचे मागले अर्धे भाग शिकवायला घेतले. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. हळूहळू तो सबंध परिच्छेद न अडखळता वाचू लागला. फेब्रुवारीत त्याने स्वतःच्या प्रकरणाचा कागद मागून घेऊन वाचला. वाचून झाल्यावर म्हणाला, “सर, ह्यात माझं वय चुकलंय.” परिवीक्षा अधिकारी बाईंनी तपासले, तर खरेच एक वर्ष जास्त पडले होते. त्यांनी ते दुरुस्त करून घेतले. सहा वर्षांत माझ्या शिकवण्याचा इतका रोख उपयोग झालेला मी पाहिला नव्हता.

एप्रिलमध्ये बाप आला आणि त्याला घेऊन गेला. जाताना मी त्याला सतरा नंबरच्या फॉर्मची गोष्ट सांगितली. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचे तर हा फॉर्म भरावा लागतो; चौदा वर्षे पुरी आणि पाचवी पास एवढे असले की पुरते. फक्त जुन्या शाळेचा दाखला हवा. तो मान डोलावून गेला. मला वाटले, गेला तो गेला. पण जूनच्या अखेरीस पावसात भिजत माझ्या दारात उभा. “सर, दाखला देत न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी मी आणि परिवीक्षा अधिकारी बाई त्याच्याबरोबर त्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक गृहस्थ सभ्य होते, चहा मागवला. पण जनरल रजिस्टर उघडले तेव्हा अडचण कळली. त्याच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ‘पोलीस केस’ असे लिहिले होते. ते म्हणाले, “रजिस्टरमध्ये आहे तेच दाखल्यावर उतरवावं लागतं. आणि तसा दाखला दिला तर तुम्हीच म्हणाल, पोराचं नुकसान केलं. म्हणून देत नव्हतो.” माणूस दुष्ट नव्हता, शाईला भीत होता.

शाळा सोडल्याचा दाखला आपण सर्वांनी पाहिलेला असतो. त्यात ‘अभ्यासातील प्रगती’ असते, ‘वर्तणूक’ असते, ‘शाळा सोडण्याचे कारण’ असते, आणि शेवटी ‘शेरा’. चार रिकाम्या रेघा. त्या कारकुनाच्या हातात सुटतात आणि माणूस जन्मभर त्या कपाटात जपून ठेवतो.

बाईंनी आवाज न चढवता पिशवीतून कायद्याची प्रत काढली. २४ वे कलम दाखवले, की अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता चिकटता कामा नये आणि मंडळाकडचे कागदसुद्धा ठराविक काळाने नष्ट करायचे असतात. “जे न्यायालयाच्या दप्तरात राहायचं नाही,” त्या म्हणाल्या, “ते तुमच्या रजिस्टरात कशाला?” मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. मग मुलाकडे बघून विचारले, “खरं सांग, तू शाळा का सोडलीस? बॅटऱ्यांच्या आधीच वर्षभर येत नव्हतास ना?”

तो म्हणाला, “न्हाई सर, आईचं कंबरडं धरलं होतं. मोळ्या कोण उचलणार? आम्ही तोडीला गेलो.”

मुख्याध्यापकांनी शेऱ्यावर स्वच्छ रेघ ओढून खाली सही केली आणि कारकुनाला दाखला लिहायला सांगितले. वर्तणूक : समाधानकारक. शाळा सोडण्याचे कारण : पालकांचे स्थलांतर. पहिलीपासूनचे खरे कारण तेच होते. ते लिहायचे तेवढे कोणाला सुचले नव्हते. पोराने दाखला हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाचला. शिक्का ओला होता म्हणून तो घडी न घालता छत्रीखाली धरून आम्ही स्टँडवर आलो. आम्ही दोघे भिजलो.

त्याने मार्चमध्ये परीक्षा दिली. त्या वर्षी तो तोडीला गेला खरा, पण फेब्रुवारीत बापाने त्याला परत धाडले. मुकादमाशी त्यावरून बोलाचालीही झाली म्हणतात. निकालात मराठीत एकसष्ट, इतिहास-भूगोलात बावन्न. गणित आणि इंग्रजी राहिले. कथेत मी त्याला पास केला असता. जुलैच्या पुरवणी परीक्षेत गणित सुटले, अगदी पस्तीस गुणांनी. इंग्रजी अजून राहिले आहे.

हा लेख संपादकांकडे पाठवायच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला. ट्रक गावात येऊन लागला होता, मागे भांड्यांचा आवाज येत होता. आईची तब्येत बरी आहे म्हणाला. मग म्हणाला, “सर, इंग्रजीचं पुस्तक मागच्या सालाचं चालंल का बदललंय? बदललं असंल तर फाट्यावरच्या दुकानात ठेवा. आम्ही पहाटं चारला तिथनं जाणार.”

मी कपाट उघडून मागच्या वर्षीचे पुस्तक काढले आणि अनुक्रमणिका ताडून बघायला बसलो.